मेंढ्या मेल्या, शेळ्या ठणठणीत

कवठे महांकाळ तालुक्यात माझी खाजगी प्रॅक्टिस आहे, गाई-म्हशी जास्त, त्याखालोखाल शेळ्यामेंढ्या. मार्चमधली गोष्ट. सकाळी सहाला फोन. "डॉक्टर, मेंढी काळं मुततीया, लगेच या." घर ओळखीचंच, म्हातारे आण्णा, त्यांची द्राक्षबाग, आणि पोरगा बी.एस्सी. करून घरी बसलेला, त्याने दोन वर्षांपूर्वी बारा माद्यांचं डुकरपालन सुरू केलं होतं. भावकीने सहा महिने बोलणं टाकलेलं, ते वेगळं.

मेंढ्या साध्या नव्हत्या, माडग्याळ जातीच्या होत्या, उंच, पोपटासारख्या नाकाच्या, गोठ्यातच बांधून सांभाळलेल्या. एकेकीची किंमत सांगितली तर शहरातल्या माणसाला खोटं वाटेल. आदल्या आठवड्यात आटपाडीच्या बाजारात पिकअपमधून नेल्या होत्या आणि भाव पडला म्हणून परत आणल्या होत्या. गेलो तर मेंढी मान टाकून पडलेली, पापणी उलटी केली तर आतून पिवळीधम्मक, आणि खाली फरशीवर लघवी बिनदुधाच्या चहासारखी. मी गोचीड ताप धरला, रक्ताची काचपट्टी तपासायला घेतली, इंजेक्शन दिलं आणि निघालो. खरं सांगायचं तर तिथे मी चुकलो, पट्टीत काहीच सापडलं नाही तरी दिवसभर त्याच वाटेवर राहिलो. रात्री ती मेली आणि पहाटे दुसरी आजारी पडली.

दुसऱ्या दिवशी पोस्टमार्टम केलं. चरबी हळदीत बुडवल्यासारखी, लिव्हर पिवळट आणि हाताला ठिसूळ. आणि किडनी बाहेर काढली तर पिकल्या जांभळाच्या रंगाची, निळसर काळी. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकताना सरांनी बाटलीतली अशीच किडनी दाखवली होती आणि म्हणाले होते, ही एकदा बघितली की विसरायची नाही. मी विसरलो होतो. तांब्याची विषबाधा.

आता तांबं आलं कुठून? मेंढ्यांना मका भरडा आणि सरकी पेंड, दोन्ही रोजचंच. माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने, कारण दिवाळीत मीच सांगितलं होतं की गाईंचं मिनरल मिक्श्चर चिमूटभर मेंढ्यांनाही टाका. गाईंच्या मिनरल मिक्श्चरमध्ये तांबं असतं आणि मेंढीचं लिव्हर ते साठवतं, बाहेर टाकायला तिला फारसं जमत नाही. पण चौकशी केली तर त्यांनी आठ-दहा दिवस टाकून बंद केलेलं, मेंढ्या तोंड लावत नव्हत्या म्हणून. सुटलो म्हणू की नको कळेना.

मग लक्षात आलं की त्याच दावणीला चार शेळ्या बांधल्यात, तोच चारा खातात आणि एकदम ठणठणीत. शेळीला तांबं मेंढीपेक्षा खूप जास्त सोसतं. म्हणजे शेळ्या ठणठणीत असल्या तरी भानगड चाऱ्यात असू शकते. "हे गवत कुठलं?" विचारलं. पोरगा म्हणाला, डुकरांच्या शेडमागचं नेपियर. मागे जाऊन बघितलं तर शेडची सगळी घाण टाकीत, टाकीतून पंपाने गवतावर, आणि पानांवर ती वाळून काळी खपली धरलेली. एक पान अंगठ्याने खरवडलं तर भुकटी पडली.

"डुकरांना काय घालतोस रे?"

आधी काही बोलेना. मग फीडच्या खोलीत घेऊन गेला. मका, सोयाबीन पेंड, आणि कोपऱ्यात मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची बॅग, बागेत बुरशीवर मारायच्या बोर्डोसाठी आणलेली! शेजारी बोर्डोचाच तराजू. कुणीतरी सांगितलेलं की पिलांचं दूध तोडल्यावर हगवण लागते ती मोरचुदाने थांबते, वजनही चांगलं भरतं. आणि हे खोटं नाही, जगभर घालतात. टनाला एक किलो या हिशोबाने हा घालत होता, आणि पिलांनाच नाही, सगळ्यांनाच. "शेण काळं पडलं की समजायचं लागू पडलं, असं सांगितलेलं," म्हणाला. शेण काळं पडतं ते तांब्यानेच.

तिथेच पेनाने पोत्यावर हिशोब मांडला. 1 किलो मोरचुदात तांबं 250 ग्रॅम, म्हणजे किलोभर खाद्यात 250 मिलिग्राम. डुकराची गरज किती, तर 5-6 मिलिग्राम. बाकी सगळं मागून बाहेर, नव्वद टक्क्यांच्या आसपास. आणि खाद्यातला बराचसा भाग पचून जातो पण तांबं जात नाही, त्यामुळे वाळलेल्या शेणात ते चार-पाच पट घट्ट होतं, म्हणजे हजाराच्या घरात. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खतात तांब्याची मर्यादा किलोला 300 मिलिग्राम आहे. आणि मेंढीला रोजच्या चाऱ्यात किलोला 20-25 मिलिग्रामच्या वर गेलं की धोका सुरू. गवतावरच्या घाणीतून रोज थोडं थोडं लिव्हरमध्ये साठत गेलं, वरून काहीच दिसत नव्हतं, आणि पिकअपच्या प्रवासाचा ताण पडल्यावर सगळं एकदम रक्तात सुटलं आणि रक्तपेशी फुटल्या.

झिंक ऑक्साईडचंही पाकीट होतं तिथे. ते टनाला तीन-तीन किलो घालायचे युरोपात, पण 2022 च्या जूनपासून औषध म्हणून घालायला बंदी आली, जमिनीत जस्त साठतं आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात म्हणून. हे सांगितलं तर पोरगा म्हणाला, "मग विकणाऱ्यानं सांगितलं न्हाई ते?" काय उत्तर देणार.

औषधाची वेगळीच गंमत. मेडिकलमध्ये मिळत नाही. सांगलीत कॉलेजांना केमिकल पुरवणाऱ्या दुकानातून अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट आणलं, दुकानदार विचारतो प्रॅक्टिकल कुठल्या वर्गाचं. मेंढीमागे चिमटीभर, रोज पाण्यातून पाजायचं. गवत बंद, कडबा चालू. आजारी पडलेली दुसरी गेलीच, पण उरलेल्या सहा आणि मेंढा वाचला. मेंढा एक दिवस पिवळा पडला होता तेव्हा आण्णा रात्रभर गोठ्यात बसून होते, बिरोबाचा भंडारा त्याच्या कपाळाला लावलेला. मी काही बोललो नाही.

शेवटच्या चक्करला निघताना आण्णांनी हाक मारली. बागेच्या कडेला डुकरखताच्या दोन ट्रॉल्या ओतलेल्या, छाटणीनंतर टाकायला.

"डॉक्टर, शेण कुजतंय, मग ह्यातलं तांबं पण कुजंल की."

"न्हाई आण्णा. धातू कुजत नाही. मातीच्या वरच्या थरात चिकटून बसतो, तिथेच राहतो."

ते बराच वेळ बागेकडे बघत राहिले. "मी बावीस वरसं बोर्डो मारतोय," म्हणाले. "दरसाली. केवडा रोग यायच्या आधी आन आल्यावर पण."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, मी जनावरांचा डॉक्टर. ट्रॉल्यांवर ताडपत्री टाका, पावसाने ओढ्याला जाऊ देऊ नका, एवढं सांगितलं. पोराने खुरपं आणलं, वेलींच्या ओळीत सात-आठ जागी वीतभर खड्डे घेतले, माती घमेल्यात कालवून तपासणीसाठी पिशवी भरली. पिशवीवर नाव काय लिहू विचारलं तर आण्णा म्हणाले, "माझं लिवा. मोरचूद मी मारलाय, पोरानं न्हाई."