ती होळी नव्हे, धाव चढवतायत

गावातल्या जुन्या फोटोत रस्त्यावर गोल जाळ आणि भोवती चार माणसं दिसली, की खाली ‘होळी’ लिहून मोकळं होऊ नका. आधी जाळाचा आकार बघा. होळी मधोमध उंच रचतात. इथे गोवऱ्यांचं कडं असेल, मधली जागा रिकामी असेल आणि शेजारी बैलगाडीचं चाक पडलेलं असेल, तर ते लोहाराचं काम.

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. तिचा घेर चाकापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवतात. जाळात तापली की ती फुगते. मग दोघं-तिघं सांडशीनं उचलून चाकावर बसवतात, घणानं ठोकतात आणि लगेच पाणी ओततात. उशीर झाला तर लाकूड जळतं. गार होताना धाव आवळते आणि तुंबा (चाकाचा मधला ठोकळा), आरे, कड सगळं एकमेकांत घट्ट बसतं. म्हणून अशा फोटोत घागरी-बादल्या शोधाव्यात. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की हीच धाव सैल पडते. गोदावरीच्या पात्रात उभ्या दिसणाऱ्या गाड्या दरवेळी धुवायलाच आणलेल्या नसतात; चाकं भिजून फुगावीत हाही हेतू असतो.

साल ठरवायला वाण्याचं दुकान बरं. तराजूजवळ षटकोनी लोखंडी वजनं असतील तर ती किलोची, म्हणजे फोटो १९५८ नंतरचा. पायली (धान्य मापायचं भांडं) दिसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. किलो आल्यावरही चार शेरांची पायली गावात चालूच राहिली. भावाच्या पाटीवर ‘न. पै.’ (नवे पैसे) असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपास. पत्त्यात नाशिकचा, ४२२ नं सुरू होणारा पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही.

नाशिकच्या भांडी बाजाराचा म्हणून आलेला फोटो डावं-उजवं उलटून छापलेला नाही ना, हेही बघावं. पाटी वाचता येत नसेल तर शर्टाचा खिसा बघा, तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर हवा.

पोस्टकार्डाएवढा फोटो निदान ६०० डीपीआयवर स्कॅन करावा, नाहीतर वजनांचे कोपरे उमटत नाहीत. मागची बाजूही घ्या, स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो. पावसाळी ओलीनं काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. चित्राचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा.