मागे कार जोडून ग्लेशियरला

मोटारहोम घेऊन मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जाणाऱ्याने एक आकडा पाठ करून ठेवावा: 21 फूट. या पार्कचा सगळा जीव गोइंग-टु-द-सन रोडमध्ये आहे, आणि त्या रस्त्यावर ॲव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट 8 फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. आमची मोटारहोम 30 फुटांची. आई-बाबा कोल्हापूरहून सिएटलला आमच्याकडे आलेले. आईचे गुडघे आणि बाबांचं पथ्य बघता स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा पलंग, स्वतःचं बाथरूम सोबत असणं फार मोलाचं. त्यामुळे मोटारहोम न्यायची हे नक्की होतं, आणि त्या रस्त्यासाठी तिच्यामागे आमची 2014 ची होंडा सीआर-व्ही कार टोचन करून.

चारही चाकं जमिनीवर ठेवून वाटेल ती कार अशी ओढता येत नाही. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, अशा वेळी बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आत तेल फिरत नाही आणि गिअरबॉक्स कामातून जातो. 2014 पर्यंतच्या सीआर-व्हीला कंपनीच्या मॅन्युअलमध्येच तशी परवानगी आहे. 2015 च्या मॉडेलला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आला आणि ती सोय संपली. म्हणून जुनी गाडी विकायचा विषय आमच्या घरात निघतच नाही.

जोडणीचं काम मला मनापासून आवडतं. कारच्या पुढच्या बंपरमागे बेस प्लेट, म्हणजे ओढण्यासाठीची लोखंडी पट्टी, कायमची बसवलेली आहे. मोटारहोमच्या हिचला, म्हणजे मागच्या जोडणीच्या आकड्याला, टो बार. त्याचे दोन दांडे ओढून बेस प्लेटमध्ये अडकवायचे, पिना घालायच्या, प्रत्येक पिनेला क्लिप. मग सेफ्टी केबल एकमेकींना छेद देऊन लावायच्या आणि दिव्यांची वायर जोडायची. नंतर कारमध्ये बसून इंजिन सुरू करायचं, गिअर डीमध्ये, तिथून न्यूट्रलला, आणि तीन मिनिटं इंजिन तसंच चालू द्यायचं. मग इंजिन बंद करून किल्ली ॲक्सेसरीवर ठेवायची, म्हणजे स्टिअरिंग लॉक होत नाही आणि पुढची चाकं वळणावर आपोआप मागोमाग येतात. बॅटरी उतरू नये म्हणून एक फ्यूज काढून ठेवतो. शेवटी मोटारहोम हळूच चार पावलं पुढे घ्यायची. टो बारचे दोन्ही दांडे ताणून खट्‌कन लॉक झाल्याचा आवाज येतो. तो दोनदा ऐकू आल्याशिवाय मी निघत नाही.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. हातात चहाचा कप घेऊन ते सगळं बारकाईने बघत होते. त्यांचा पहिला प्रश्न, "आणि ह्या मागच्या गाडीला ब्रेक कोण मारणार?"

नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. दीड टनाची कार मागून रेटत असेल, तर उतारावर पुढच्या गाडीचे ब्रेक एकटे पुरत नाहीत. कारच्या ब्रेक पेडलवर एक यंत्र बसवलेलं असतं. मोटारहोमचा वेग कमी होताना ते जाणतं आणि पेडल दाबतं. शिवाय एक बारीक केबल असते. कार सुटलीच तर ती केबल खेचली जाते आणि कारचे ब्रेक लागतात. बाबांनी ड्रायव्हरच्या सीटपाशी वाकून ते यंत्र हाताने हलवून पाहिलं. "घट्ट आहे. चला," म्हणाले.

आय-90 महामार्गावर स्नोक्वाल्मी पास ही खिंड ओलांडून पूर्वेला निघालो. मागे काही ओढत असाल तर वॉशिंग्टन राज्यात वेगमर्यादा ताशी 60 मैल, ती मला तरी पुरते. खरी काळजी वेगाची नसतेच, ती असते रिव्हर्सची. कार जोडलेली असताना मागे जाता येत नाही. दोन-चार फूट मागे घेतलं तरी कारची पुढची चाकं आडवी वळतात आणि सगळा ताण टो बारवर येतो. त्यामुळे पेट्रोल पंप, जेवणाची जागा, कॅम्पची जागा, सगळीकडे सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल का हे आधी बघायचं. आम्ही ट्रकवाल्यांच्या मोठ्या पंपांवरच थांबतो. प्रत्येक थांब्यावर बाबा न सांगता उतरत आणि कारच्या चाकांजवळ हात नेऊन कुठे गरम झालंय का ते बघत.

वेस्ट ग्लेशियरजवळ मोटारहोम लावली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पिना काढून कार मोकळी केली. त्या रस्त्यावरच्या लोगन पास खिंडीतलं पार्किंग सकाळीच भरतं, म्हणून ही घाई. लेक मॅकडोनाल्डच्या काठाने जाणारा रस्ता पुढे चढू लागला, आणि 21 फुटांचा नियम का आहे ते आईलासुद्धा सांगावं लागलं नाही. एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला गुडघाभर दगडी कठडा आणि खाली दरी. वीपिंग वॉलपाशी कड्यावरून झरणारं पाणी थेट रस्त्याकडेला येतं. आईने काच खाली करून हात बाहेर काढला आणि कोपरापर्यंत भिजवून घेतला.

बाबांचं लक्ष मात्र समोरून येणाऱ्या लाल बसगाड्यांकडे. 1930 च्या दशकात व्हाइट मोटर कंपनीने बांधलेल्या या बसना गुंडाळता येणारं कापडी छत आहे. गिअर टाकताना व्हायच्या त्या खरखराटावरून त्यांच्या ड्रायव्हरना 'जॅमर' म्हणायचे. लोगन पासला, 6,646 फुटांवर, बाबा एका बसभोवती पूर्ण फेरी मारून आले. समोरच्या उतारावर पांढऱ्या डोंगरी शेळ्या चरत होत्या, त्या त्यांनी नंतर पाहिल्या.

या लाल बसने किंवा पार्कच्या शटलनेही वर जाता येतं, आणि कार नसेल तर तसंच जावं. पण सोबत वयस्क माणसं असतील तर हवं तिथे थांबणं आणि दमलं की परत फिरणं आपल्या हातात असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आम्ही सेंट मेरी लेकपर्यंत उतरलो आणि मरायस पासवरून, हायवे 2 ने, वळसा घालून परतलो. मोटारहोम होती तिथेच होती, पाणी आणि वीज जोडलेलीच. आईने हात धुतले आणि थेट कुकर लावला.