पुळणीवरची शर्यत आणि फेऱ्या मोजणारा माणूस

अलिबाग-मुरूडकडे पुळणीवर बैलगाड्यांची शर्यत ठरवताना आधी ओहोटीची वेळ बघतात. पाणी मागे गेलं की ओली, घट्ट पट्टी उघडी पडते आणि तिच्यावर चाक रुतत नाही. वरची सुकी रेती मात्र चाक गिळते. सुट्टीत पर्यटकांच्या गाड्या फसतात त्या तिथेच. स्टॉक कार (दिसायला साध्या रस्त्यावरच्या मोटारींसारख्या गाड्या) शर्यती ज्या जागी रुजल्या ती पट्टीही अशीच, फ्लोरिडातल्या डेटोना बीचवरची.

मार्च १९३६ मध्ये तिथे शर्यत झाली. एक बाजू ओल्या वाळूची, दुसरी समांतर डांबरी रस्त्याची आणि टोकांना वाळूतली वळणं. सरळ भागात अडचण नव्हती. वळणांवर चाकांनी वाळू उकरली, चर पडले, गाड्या रुतल्या, त्यात भरती चढायला लागली. शर्यत वेळेआधी थांबवावी लागली आणि निकालावरून वाद झाला. तिच्यात पाचवे आलेले बिल फ्रान्स यांनी पुढे १९४८ मध्ये नॅसकार ही या शर्यती भरवणारी अमेरिकी संघटना उभी केली. १९५८ नंतर किनारा सुटला. १९५९ मध्ये अडीच मैलांचा (सुमारे ४ किलोमीटर) ट्रॅक तयार झाला, वळणांना ३१ अंश उतार देऊन.

नव्याने बघणाऱ्याला धडका आणि मारामाऱ्या दिसतात. खरी चुरस हवेत असते. डेटोनावर दोन गाड्या नाकाला शेपूट लावून धावल्या तर एकटीपेक्षा वेगाने जातात: मागची पुढचीच्या आडोशाने कमी हवा कापते आणि पुढचीच्या मागे ओढणारी पोकळीही भरून काढते. म्हणजे ज्याला हरवायचं त्याच्याच आधाराने शेवटच्या फेरीपर्यंत यायचं. पण मागची फार चिकटली की पुढचीच्या स्पॉयलरवरचा (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणाऱ्या मागच्या पट्टीवरचा) दाब जातो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ढकललं. कित्येकदा बंपर लागलेलाही नसतो.

छोट्या ट्रॅकवर मात्र बंपर लागतोच. ऑगस्ट १९९९ मध्ये ब्रिस्टलला डेल अर्नहार्टनी शेवटच्या फेरीत टेरी लाबॉन्टींना फिरवलं आणि जिंकले. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. गाजतं ते असंच. मला विचाराल तर रिचर्ड पेटी आणि डेव्हिड पिअर्सन यांची जोडी वरची. ६३ शर्यतींत हे दोघेच पहिले-दुसरे आले, त्यातल्या ३३ पिअर्सननी जिंकल्या. १९७६ च्या डेटोना ५०० या ५०० मैलांच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर दोघे एकमेकांना लागून भिंतीवर आदळले आणि गिरक्या घेत गवतात आले. पिअर्सननी गिरकीतच क्लच दाबून धरला, इंजिन बंद पडू दिलं नाही, आणि मोडकी गाडी रांगत रेषेपार नेली. पेटींचं इंजिन बंद पडलं होतं.

रेषेवरचा निकाल मात्र नेहमी इतका सरळ लागत नाही. १९५९ च्या पहिल्याच डेटोना ५०० मध्ये ली पेटी आणि जॉनी बोशां जोडीने आले, बाजूला एका फेरीने मागे असलेल्या जो वेदर्लींची गाडी. आधी बोशां विजेते ठरले. तीन दिवस फोटो आणि चित्रफीत तपासल्यावर निकाल पेटींच्या बाजूने फिरला.

वेंडेल स्कॉट यांना यापेक्षा वाईट अनुभव आला. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचे हे कृष्णवर्णीय चालक स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करत. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर २०० फेऱ्या ठरल्या होत्या. तेव्हा फेऱ्या माणसं मोजत, कागदावर. स्कॉट पुढे असूनही शर्यत संपल्याचा झेंडा त्यांच्यासाठी पडला नाही. ते धावत राहिले आणि ट्रॉफी बक बेकरना मिळाली. काही तासांनी मोजणी तपासल्यावर स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे निघाले, पण तोवर प्रेक्षक पांगले होते. मोजणीत चूक झाली, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. गोऱ्या प्रेक्षकांसमोर त्यांना विजेत्याच्या जागी उभं करायचं नव्हतं, असं मानणारे बरेच आहेत, मीही त्यांतलाच. १९९० मध्ये स्कॉट गेले. २०१५ मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत, नाव लागलं आणि त्या शर्यतीची ट्रॉफी कुटुंबाच्या हाती आली ती २०२१ मध्ये.

आता गाडीतला ट्रान्सपॉन्डर (रेषा ओलांडताच संकेत देणारं यंत्र) वेळ नोंदवतो. पुळणीवर तो कुठला असणार? तिथे दोन मोजणारे बसवावेत, एकमेकांपासून लांब, वेगळे कागद देऊन. फेरी असेल तर प्रत्येक फेरीला घड्याळातली वेळ लिहावी, नुसती रेघ ओढू नये. सुटलेली फेरी वेळेतल्या दुप्पट अंतरावरून लगेच सापडते. मोबाइल रेषेच्या दोन्ही काठ्या एकामागे एक दिसतील असा तिवईवर लावावा. तिरका लावला की शेजारून येणाऱ्या दोन गाड्यांतली मागचीही पुढे दिसते, आणि भांडण मग रात्रीपर्यंत चालतं.