छऱ्याच्या रायफलीवरचा डिजिटल स्कोप २० मीटरवर झिरो करताना

डिजिटल स्कोपच्या, म्हणजे कॅमेरा आणि पडदा असलेल्या नेमाच्या दुर्बिणीच्या, खोक्यावर ‘एका गोळीत झिरो’ असं छापलेलं असतं. झिरो म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथंच छरा लागेल असा स्कोप जुळवणं. होतोही, पण त्याआधीचं काम नीट झालेलं असेल तरच. मी सांगली जिल्ह्यात .१७७ इंची (४.५ मिमी) नळीची, स्प्रिंगची एअर रायफल वापरतो, तीही फक्त कागदावर आणि पत्र्याच्या पडणाऱ्या निशाण्यांवर. खालचं सगळं त्याच बेतानं लिहिलंय.

कायद्याचं आधी. नळीचं भोक ४.५ मिमीपर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर रायफलीला परवाना लागत नाही. पण परवाना नाही म्हणजे शिकारीला मोकळीक असा अर्थ काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला छरा आणि गोळी सारखीच. स्कोपच्या जाहिरातीत रानडुक्कर दाखवतात ते परदेशातलं. शिराळ्याकडं चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगत रात्री असली रायफल घेऊन फिरलात तर काहीही समजावून सांगता येणार नाही. डुकरांनी ऊस लोळवला असेल तर वनखात्याकडून पंचनामा करून घ्या.

आता जागा. तासगाव भागात हंगाम नसताना बेदाण्याची शेड रिकामी असते, लांबी भरपूर, वरून पत्रा. कुणीही तीच सुचवतो. मी तिथं मारत नाही. छरा शिशाचा असतो, आपटला की त्याचा भुगा उडतो आणि दोन महिन्यांनी तिथंच द्राक्षं वाळायची असतात. ट्रॅक्टरची शेड चालते, किंवा तीन बाजूंनी आडोसा असलेली परसातली पट्टी. निशाण्यामागं चाळलेल्या वाळूनं भरलेलं बारदान, त्यामागं पक्की भिंत. मुरूम भरू नका, त्यात खडे असतात आणि छरा उलटा येतो. डोळ्यांना चष्मा लावायचाच, आणि झाल्यावर हात साबणानं धुवायचे.

उघड्यावर असाल तर सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा २० मीटरवर छऱ्याला दोनेक सेंटीमीटर ढकलतो. कवठेमहांकाळ, जत या बाजूला दुपारी झिरो करायला बसणं म्हणजे वाऱ्याचा झिरो करणं.

खरं काम माउंटचं, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणाऱ्या पकडीचं. स्प्रिंग रायफलीचा धक्का दुहेरी असतो: पिस्टन सुटताना मागं आणि तो थांबताना पुढं. डिजिटल स्कोप असा धक्का सोसणारा आहे का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. ‘रायफलसाठी’ एवढ्यावर भागत नाही. रायफलीवर बहुतेक ११ मिमीची खाच असते आणि स्कोपचा माउंट पिकाटिनी या आडव्या खाचांच्या रुंद पट्टीसाठीचा, म्हणून मध्ये अडॅप्टर येतो. अडॅप्टरला मागं सरकू न देणारी अडकण असावी, नाहीतर प्रत्येक छऱ्यागणिक अख्खा स्कोप केसभर मागं जातो आणि आपण मेनूत दोष शोधत बसतो. रिंगचे स्क्रू एलन कीनं तिरप्या जोडीनं थोडे थोडे आवळायचे, साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत. जास्त आवळून काही मिळत नाही, स्कोपची नळी मात्र दबते.

स्कोप सरळ बसलाय का हे बघायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. निशाण्याच्या जागी पांढऱ्या दोरीनं लटकवा, रायफल बैठकीत सरळ धरा आणि स्कोपची उभी रेघ दोरीवर बसेपर्यंत स्कोप फिरवा. हे आधी झालं नाही तर २० मीटरवर झिरो झालेली रायफल ३० वर डावी-उजवीकडं मारते.

मग उंची मोजायची: नळीच्या मध्यापासून पुढच्या भिंगाच्या मध्यापर्यंत. डिजिटल स्कोप जाड, त्यात अडॅप्टर, त्यामुळं हे अंतर ५ ते ६ सेंटीमीटर भरतं. साध्या स्कोपपेक्षा हे बरंच जास्त, आणि कमी अंतरावरचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. सुमारे ८ ग्रेनचा (अर्ध्या ग्रॅमचा) छरा, नळीतून सेकंदाला २२० मीटरनं सुटणारा, स्कोप साडेपाच सेंटीमीटर वर आणि झिरो २० मीटरवर धरला, तर १० मीटरवर छरा खुणेच्या दीड सेंटीमीटर खाली लागतो आणि ३० मीटरवरही जवळपास तेवढाच खाली. म्हणून १० मीटरवर छरा अगदी खुणेवर आणून ठेवलात, तर २० वर तो सुमारे तीन सेंटीमीटर वर जाणार. १० मीटरचा कागद फक्त ‘कुठं जातोय’ हे कळण्यासाठी असतो.

कागदाबद्दल. डिजिटल पडद्यावर काळ्या गोलात पडलेलं भोक दिसत नाही. पांढरा कागद, त्यावर दीड सेंटीमीटरची रंगीत टिकली आणि मागं काळं कापड लावलं की भोक काळं उठून दिसतं. मी टिकलीखाली शाळेचा आलेख कागद लावतो, त्याचं कारण पुढं येईल.

स्कोप सुरू केल्यावर आधी डोळ्याकडची कडी फिरवून क्रॉस (नेमाची फुली) स्पष्ट करायचा, मग पुढच्या कडीनं कागद. हा क्रम उलटा केला की दोन्ही अर्धवट राहतात. साध्या स्कोपसारखा पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकणं) इथं नसतो, कारण क्रॉस आणि चित्र एकाच पडद्यावर असतात. मेनूत अंतर मीटरमध्ये आहे की यार्डात ते बघा. २० यार्ड म्हणजे १८.३ मीटर. अंतर टेपनं मोजा. काही स्कोपांत अंतराप्रमाणे नेम आपोआप बदलणाऱ्या बॅलिस्टिक हिशोबाला २० मीटरचा झिरो देताच येत नाही. तिथं तो हिशोब बंद ठेवायचा.

पहिले तीन छरे १० मीटरवरून. ते खुणेच्या साधारण दीड सेंटीमीटर खाली आणि सरळ रेषेत येतील इतपत क्रॉस हलवायचा, मग २० वर जायचं. तिथं पाच छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे एकाच खुणेवर मारलेल्या पाच छऱ्यांची भोकं. एका छऱ्यावर झिरो करायला माझा विरोध एवढ्याचसाठी की स्प्रिंग रायफलीचा एकटा छरा ग्रुपच्या कुठल्याही टोकाचा असू शकतो. पाचही भोकांना वेढणाऱ्या चौकटीचा मध्य धरायचा. एखादा छरा सोडायचा तर चाप ओढतानाच हात हलल्याचं कळलं असेल तरच, कागद बघून नाही.

आता फ्रीझ. क्रॉस पुन्हा मूळ टिकलीवर आणून चित्र गोठवायचं, आणि गोठलेल्या चित्रात क्रॉस ग्रुपच्या मध्यावर न्यायचा, सेव्ह करायचं. साध्या स्कोपच्या नॉबवर ‘वर’ म्हणजे छरा वर जातो. इथं क्रॉस छऱ्याकडं जातो. छरा खाली डावीकडं लागला तर क्रॉसही खाली डावीकडंच. जुन्या सवयीनं उलटं केलं की दुसरा ग्रुप दुप्पट लांब पडतो, आणि लोक तिथंच स्कोप खराब म्हणून मोकळे होतात.

एका पिक्सेलनं किती सरकतं हे आलेख कागदावर एकही छरा न मारता कळतं. रायफल पिशव्यांवर पक्की करा, क्रॉस १० पिक्सेल हलवा, किती चौकटी ओलांडल्या ते मोजा. १०० मीटरला २० मिमी सरकणारा पिक्सेल २० मीटरला ४ मिमी सरकतो. म्हणजे त्याहून बारीक दुरुस्ती त्या स्कोपमध्ये नाहीच, तिथं घासाघीस करू नका.

दुरुस्ती खूप मोठी लागत असेल, क्रॉस पडद्याच्या कडेकडं चालला असेल, तर बहुधा नळी खाली झुकलेली असते. नळी मोडून भरायच्या रायफलीत हे नेहमीचं. मेनू सोडून मागच्या रिंगखाली पातळ पत्री घाला. दोन रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीची पत्री २० मीटरवर छरा २ सेंटीमीटर वर नेते. एवढ्यावर भागलं नाही तर झुकाव असलेला माउंट घ्या.

ग्रुपच विखुरत असेल तर स्कोपकडं शेवटी बघा. आधी स्क्रू. मग धरण्याची पद्धत: रायफलीचा पुढचा लाकडी भाग उघड्या तळव्यावर सैल ठेवायचा, तळवा पिशवीवर. लाकूड थेट कडक पिशवीवर टेकवलं की छरा वर उडतो. नवी रायफल धूर काढत असेल तर सिलिंडरमधलं तेल जळतंय, ते थांबेपर्यंत झिरो करण्यात अर्थ नाही. छऱ्याचा डबा बदलला की झिरो पुन्हा तपासायचा, चपट्या आणि गोल तोंडाचे छरे एका जागी पडत नाहीत. आणि पॉवर बँक वायरनं लटकवून मारू नका, झिरो केला त्याच वजनानं मारा.

रात्रीचा झिरो वेगळा तपासतो. आयआर (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा) लावल्यावर चित्राचा फोकस सरकतो, पुढची कडी पुन्हा फिरवावी लागते. २० मीटरवर आयआर पूर्ण सोडला तर पांढरा कागद नुसता पांढरा डाग होतो, म्हणून तो सगळ्यात कमीवर, आणि कागदाऐवजी तपकिरी पुठ्ठा. इंकजेटवर छापलेलं निशाण बऱ्याचदा आयआरमध्ये दिसेनासं होतं, कारण त्या शाईचा रंग आयआर शोषत नाही. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये कार्बन असतो, तो काळाच राहतो. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली प्रत चालते, शिसपेन्सिलीनं गडद केलेला गोलही चालतो. दिवसाचा आणि रात्रीचा ग्रुप एक सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगळा आला, तर रात्रीचं वेगळं प्रोफाइल सेव्ह करतो आणि त्याच्या नावात छऱ्याचं वजन आणि अंतर लिहितो.