ध्रुवाजवळ उंची मोजताना पुण्याची सवय नडली

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला स्वालबार्डमधल्या (नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं) न्यू-ओलेसुंद या गावी जायला मिळालं, तिथे २००८ पासून आपलं 'हिमाद्री' स्टेशन आहे, गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था चालवते. काम ऐकायला अगदी सोपं: हिमनदी मागे सरकल्यामुळे उघड्या पडलेल्या जमिनीवर चालत जायचं, जीएनएसएसने (जीपीएससारख्या सॅटेलाइटवरून जागा आणि उंची मोजणाऱ्या यंत्रणेने) पॉइंट घ्यायचे आणि सॅटेलाइटच्या फोटोंवरून बनवलेल्या आर्क्टिकडेम या आर्क्टिकच्या डिजिटल उंची-नकाशातल्या उंचीशी ताडून बघायचे. जुन्या नकाशात जिथे बर्फ दाखवलाय तिथे आता नुसता चिखल आणि गोटे, बूट घोट्यापर्यंत आत.

पण तिथे २ ते ३२ गिगाहर्ट्झ मधली कुठलीच लहर सोडायची नाही, कारण गावातल्या अँटेना क्वेसारचे (अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांचे) अगदी क्षीण सिग्नल ऐकत बसलेल्या असतात. म्हणजे वायफाय बंद, परवानगीशिवाय ड्रोन नाही, आणि ब्लूटूथही नाही! माझा जीएनएसएस रिसीव्हर हातातल्या कंट्रोलरशी ब्लूटूथवरच बोलायचा, हे सामान भरताना कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी एका नॉर्वेजियन ग्रुपकडून केबल मागून आणली. ग्लोव्हज काढल्याशिवाय ती पिन बसायची नाही आणि ग्लोव्हज काढले की पाच मिनिटांत बोटं गेली. बॅटऱ्या जॅकेटच्या आत, अंगाला लावून ठेवायच्या, नाहीतर बसल्याच. त्यात जीपीएसचे सॅटेलाइट इतक्या उत्तरेला डोक्यावर येतच नाहीत, त्यामानाने खालीच राहतात, त्यामुळे उंचीसाठी एकेका पॉइंटला जास्त वेळ थांबायचं, आणि तोवर जोडीदार रायफल घेऊन अस्वलाच्या पहाऱ्यावर, त्याला दुसरं काही काम सांगायचं नाही.

खरी फजिती रात्री झाली (रात्र म्हणायची, ऊन होतंच). हिशोब केला तर फ्योर्डच्या (जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या) काठावरचा एक गोटा समुद्रसपाटीपासून सत्तरेक मीटर वर! केबल तपासली, बेस स्टेशन (एका जागी ठेवलेला संदर्भाचा रिसीव्हर) तपासलं, दोन तास गेले. मग ट्यूब पेटली. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून; समुद्रसपाटी त्या आकाराच्या कुठे वर असते, कुठे खाली. पुण्यात जीपीएसची उंची समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ-पासष्ट मीटरने कमी येते, म्हणून आम्ही डोळे झाकून फरक मिळवतो. इथे उलटं, जीपीएसचीच उंची पस्तीसेक मीटरने जास्त, म्हणजे वजा करायला हवी, आणि मी हाताच्या सवयीने मिळवली होती. चूक दुप्पट.

चिन्ह बदललं, गोटा आला सव्वा मीटरवर. सकाळी मुद्दाम जाऊन बघितला, पाण्याच्या जरा वरच होता बिचारा.