किडनीचा आजार, मग डोक्याची गोळी कशाला?

लग्नात, बारशात, गेल्या महिन्यात तर एका तेराव्याला, कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच. "तुमची किडनी गेलीय. एवढं झाल्यावर वाईट वाटणं साहजिकच की हो. त्याला डोक्याची गोळी कशाला?" हेतू चांगलाच असतो. फक्त 'डोक्याची' म्हणताना आवाज खाली जातो. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून माझ्या डिप्रेशनच्या गोळीविषयी सांगतो. नाहीतर एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेल्या माणसाला मनाबिनाविषयी बोलायची कुठली सवय!

मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त साफ करून घेणं. सकाळची पहिली शिफ्ट, चार तास. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे ऑपरेशन करून धमनीला शीर जोडलेली जागा, त्यात दोन सुया. दिवसाला पाणी जेमतेम लिटरभर, आणि त्यातच चहा, ताक, आमटी सगळं मोजायचं. पोटॅशियम वाढलं तर हृदयावर येतं, म्हणून शहाळं बंद, केळं बंद. शनिवारनंतर थेट मंगळवार, तोवर अंगात पाणी साचतं, त्यामुळे सोमवारी रात्री आडवं झालं की दम लागतो. पहिलं वर्ष हे सगळं मी चोख सांभाळलं. वहीत वजन लिहायचो. रोज उठल्यावर फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर बघायचो. बॉनेटवर हात ठेवून इंजिन चालू आहे का बघावं, तसं.

दुसऱ्या वर्षी कधीतरी ते बघणं सुटलं. रडलो वगैरे अजिबात नाही. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे माणूस कोपऱ्यात बसून डोळे पुसतो. माझं तसं काहीच नव्हतं. पेपरातलं शब्दकोडं मी चाळीस वर्षं पेनाने सोडवत आलोय, खाडाखोड न करता. रद्दी बांधताना मुलीला दिसलं की दोन महिन्यांची कोडी कोरीच आहेत. ती काही बोलली नाही, रद्दीही बांधली नाही. मग एका गुरुवारी मी डायलिसिसला गेलोच नाही. मरायचं होतं असं नाही. जाऊन तरी काय होणार आहे, एवढंच वाटलं. शनिवारी काट्यावर साडेचार किलो जास्त. एरवी माझं दोनच्या आसपास वाढतं. टेक्निशियन पोरगा माझ्या पोरापेक्षा लहान. तो म्हणाला, "काका, पाणी चढलंय ते काढतो मी. पण तुम्ही आला का नाहीत?" उत्तर नव्हतं.

त्याआधी एका डॉक्टरांना मी सांगून पाहिलं होतं, झोप नाही, जेवण जात नाही, अंगात जोर नाही. ते म्हणाले, "रिपोर्ट बघा तुमचे. होणारच." आणि गोची अशी की ते चूकही नव्हते. थकवा, भूक मरणं, झोप उडणं, लक्ष न लागणं, हे सगळं किडनीनेही होतं आणि डिप्रेशननेही. रक्त कमी असलं तरी होतं, थायरॉईडनेही होतं. एकाच आवाजाची चार कारणं. वर्कशॉपात असं वाहन आलं की आम्ही एकेक कारण बाजूला काढत जायचो.

आताच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं. थायरॉईड ठीक निघालं, रक्त कमी होतं. रक्त वाढवायच्या इंजेक्शनचा डोस वाढवला. महिन्या-दीड महिन्यात जिना चढताना फरक जाणवला. कोडी मात्र कोरीच. मग त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत असं असं किती दिवस वाटलं, अशा धाटणीचा. त्यातले निम्मेअधिक प्रश्न कुठल्याही डायलिसिसच्या पेशंटला लागू पडतील. पण एक होता गोडी वाटेनाशी झाल्याचा, आणि एक आपण घरच्यांना कमी पडलो असं वाटण्याचा. तिथे मी अडकलो. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो त्यांनी बायकोला बाहेर बसवून विचारला, हे बरं केलं. तिच्यासमोर मी खोटं बोललो असतो.

आता तुमचं 'साहजिक'. डायलिसिसवरच्या साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशन होतं. आमच्या हॉलमध्ये दहा मशीन आहेत. साहजिकच असतं, तर दहाच्या दहा जण माझ्यासारखे झाले असते ना? माझ्या शेजारचे गृहस्थ माझ्याआधीपासून मशीनवर आहेत, आणि सुई टोचतानाही सिस्टरची फिरकी घेतात. दुःख सगळ्यांनाच आहे. मला झालं ते त्याच्यावरचं दुसरं काहीतरी होतं. आणि समजा असलं साहजिक, तरी काय? अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा जाणं साहजिकच. म्हणून कुणी तो आत ठेवत नाही.

गोळी म्हणजे जादू नाही, हेही सांगतो. सर्ट्रालीन नावाची आहे, अगदी कमी डोसने सुरू केली. पहिले आठ-दहा दिवस नुसती मळमळ. अमेरिकेत डिप्रेशन असलेल्या १२० डायलिसिस पेशंटांवर एक अभ्यास झाला, २०१९ साली छापून आला. अर्ध्यांना ही गोळी दिली, अर्ध्यांशी डायलिसिस चालू असतानाच समुपदेशक खुर्चीशेजारी बसून बोलले. १२ आठवड्यांनी गोळीवाले थोडे पुढे होते, पण त्रासही त्यांनाच जास्त झाला. किडनी खराब असूनही डायलिसिसवर न गेलेल्यांवर २०१७ साली एक अभ्यास आला होता. त्यात हीच गोळी साध्या बिनऔषधाच्या गोळीहून सरस ठरली नव्हती. म्हणजे सगळ्यांना चालेलच असं नाही, आणि माझं बघून कुणी मेडिकलमधून परस्पर आणू नये. मला गोळी आणि बोलणं दोन्ही दिलं. माझ्याकडे कुणी खुर्चीशेजारी येत नाही, बोलायला बुधवारी वेगळं जावं लागतं. पहिल्या बुधवारी मी पाऊण तास फक्त गिअरबॉक्सविषयी बोललो. बाईंनी ऐकून घेतलं.

बायको अजूनही पाहुण्यांना "झोपेची गोळी आहे" म्हणून सांगते. मी दुरुस्त करत नाही. तिची तिला वेळ लागेल.

फिस्टुला डाव्या हातात असल्यामुळे उजवा मोकळा असतो. मुलीने ती न बांधलेली रद्दी पलंगाखाली ठेवली होती. मशीनवर बसताना त्यातले दोन अंक घेऊन जातो. शेजारच्या गृहस्थांना आडवे शब्द येतात, उभे येत नाहीत. खाडाखोड फार होते हल्ली.