तुम्ही विचारलंत म्हणून: रायफल मागाहून, काडतूस आधी

माझी सगळी नोकरी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, काडतुसांच्या तपासणीत गेली. तेवढ्या भांडवलावर आमच्या भागात मला बंदुकांतला जाणकार समजतात. शिकार मी आयुष्यात एकही केलेली नाही. तरी भुसावळ, यावल, फैजपूरकडची अमेरिकेत गेलेली पोरं फोनवर हमखास विचारतात, "नाना, हरणाच्या शिकारीला कोणती रायफल घेऊ? जुनी मिलिटरीची स्वस्तात मिळते, ती चालेल का?" आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून हरणावर बंदूक रोखणं म्हणजे तुरुंगाची वाट. तिकडे त्याचा हंगाम असतो, परवाना असतो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

मी आधी उलट विचारतो, व्हिसा कोणता? एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. राज्याचा चालू शिकार परवाना हातात असेल तर सूट आहे. म्हणजे परवाना आधी, दुकान नंतर. ग्रीनकार्डवाल्याला ही भानगड नाही.

आता रायफल. लोक लाकूड बघतात, बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून बंद करणारा खटका खटखटवून बघतात, कुठल्या लढाईतली आहे ते विचारतात. मी विचारतो, हिच्यात भरणार काय? हरीण रायफलीने मरत नाही, गोळीने मरतं. लष्करी गोळीला पूर्ण तांब्याचं कवच असतं. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली, आणि त्याला निमित्त झाली आपल्याच कलकत्त्याजवळच्या डमडमची गोळी. शिकारीत नेमकं उलटं. कवचाची गोळी हरणातून सरळ आरपार जाते, जनावर जखमी होऊन मैलभर पळतं आणि कुठंतरी झुडपात तडफडत मरतं. म्हणून तिथल्या पुष्कळ राज्यांत हरणाला फुलणारीच गोळी लागते. जुन्या रायफलीबरोबर पेटीभर जुनी काडतुसं स्वस्तात मिळाली, तर ती निशाणाच्या सरावाला ठेवायची. त्यांतल्या बऱ्याचशांच्या बुडाच्या टोपीतला, ठिणगी पाडणारा मसाला जळून क्षार उरतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने तो जात नाही, आधी पाण्याने धुवावी लागते.

तेव्हा जुन्या लष्करी रायफलीत मी निवड करतो ती दुकानात सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाच्या फुलणाऱ्या गोळीचं काडतूस सहज मिळतं का, यावर. पुढचे आकडे काडतुसांच्या मापांचे. ६.५×५५ ची स्वीडिश माउझर मला सगळ्यांत आवडते. धक्का सौम्य, गोळी लांब आणि नेमकी, स्कँडिनेव्हियात तिने मूस या थोरल्या हरणाएवढं जनावर मारतात. .३०३ ची ली-एनफिल्ड नं. ४ आणि .३०-०६ ची गॅरँड याही हरणाला भरपूर. मात्र गॅरँड चार किलोच्या वरची, आणि तिच्यात वाटेल ते जोरकस काडतूस घातलं तर आतला दांडा वाकतो. मोसिन-नागांत ही रशियन रायफल एके काळी शंभर डॉलरच्या आत मिळायची, म्हणून पोरांच्या डोक्यात तीच बसलेली असते. आता तो भाव राहिला नाही, आणि तिचा सेफ्टी ओढताना अंगठ्याचे हाल होतात. एसकेएस ही दुसरी रशियन रायफल शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत ठीक.

आपल्या बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्याची २ए१ रायफल सुद्धा तिकडे विकायला येते. १९६२ च्या युद्धानंतर आपण जुन्या एनफिल्डच्या ढाच्यावर ७.६२ नाटो काडतुसाची ही रायफल केली. पोरगा विचारतो तेव्हा माझा ऊर भरून येतो, हे मान्य. तरी सल्ला तोच: .३०८ विंचेस्टर हे शिकारीचं काडतूस तिच्यात बसतं, म्हणून बिनदिक्कत झाडू नको, आधी जाणकार गनस्मिथला, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखव.

गनस्मिथकडून हेडस्पेस तपासून घेणं तर कुठल्याही जुन्या रायफलीला चुकत नाही. बंद बोल्टच्या तोंडापासून नळीत काडतूस जिथं अडतं तिथपर्यंतचं हे अंतर. ते वाढलेलं असेल तर काडतुसाचा पितळी खोका फाटतो आणि गरम वायू मागे नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. बोल्टचा नंबर आणि रायफलीचा नंबर जुळत नसेल तर ही शंका आधी घ्यावी. नळीचं तोंड झिजलंय का, आतले गोळीला फिरकी देणारे आटे दिसतात का, हेही त्याच फेरीत बघावं. १९०३ ची स्प्रिंगफील्ड असेल आणि स्प्रिंगफील्ड आर्मरीचा नंबर ८,००,००० च्या आतला असेल, तर भिंतीवर टांगावी. त्या काळातलं पोलाद तापवताना बिघडायचं आणि ठिसूळ व्हायचं.

दुर्बीण बसवायची म्हणून जुन्या रायफलीला भोकं पाडणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. संग्राहकाच्या लेखी तिची किंमत तिथंच संपते. दुर्बीण हवीच असेल तर नवी साधी बोल्ट अॅक्शन घ्यावी, .३०८ मध्ये किंवा .२४३ मध्ये. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं ताटलीएवढ्या जागेत असतात, तिथं दर वेळी लागेल इतकाच लांबचा नेम घ्यावा. ज्याला धक्क्याची धास्ती वाटते तो गोळी सुटण्याआधीच डोळे मिटतो, त्याला मोठं काडतूस देऊन उपयोग नाही.

परवा टेक्सासहून एकाने .२४३ ने रोही मारता येईल का, असं विचारलं. तिथं नीलगाय गेल्या शतकात नेऊन सोडली, ती आता मोकाट वाढलीय आणि शिकारी रँचवाल्याला पैसे मोजून मारतात. मी नको म्हटलं. नर दोनशे किलोच्या वर जातो, कातडं जाड, खांदा भक्कम. किमान .३०-०६ आणि १८० ग्रेन वजनाची चांगली मजबूत गोळी घे. हे त्याच्या बापाला सांगितलं. तो रावेरकडचा शेतकरी, रोह्यांनी त्याचा हरभरा मुळासकट खाल्लेला. म्हणाला, "पैसे देऊन मारता? मग माह्या वावरातली घेऊन जा म्हना, फुकट देतो." आणि लगेच, "नाना, मले कोन्ती बंदूक सांगता?" त्याला कुठलीच सांगितली नाही. वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज आजच टाक म्हटलं, उभ्या पिकाचे फोटो जोडून.